मदत हवी आहे: गाडी टोटल लॉसमध्ये द्यावी की ठेवावी?

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी बोरीच्या उतारावर पावसात गाडी घसरून कठड्यावर आदळली. माणसं सुखरूप, देवाची कृपा. गाडीचं नाक मात्र पार आत गेलंय. रेडिएटर फुटला, दोन्ही एअरबॅग लोंबताहेत, डॅशबोर्डवरचा गणपती तेवढा जागच्या जागी!

आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) 3 लाख 80 हजार. फोंड्याच्या गॅरेजवाल्याचं एस्टिमेट 3 लाख 5 हजार. विमा कंपनीचा सर्व्हेअर म्हणाला, खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला, म्हणजे टोटल लॉस. आता कंपनी दोन पर्याय देतेय: गाडी त्यांना देऊन कंपल्सरी एक हजार (दाव्यातला आपण सोसायचा वाटा) वजा जाता पूर्ण आयडीव्ही घ्या, किंवा भंगाराची किंमत कापून 2 लाख 40 हजार घ्या आणि गाडी तुमच्याकडेच ठेवा.

भंगाराचा आकडा मला फुगवलेला वाटतो. तो लेखी मागता येतो का? दुसरं, गाडी दिली तर भंगारवाला ती दुरुस्त करून माझ्याच नावावर फिरवणार नाही ना? आरसी रद्द करायला आरटीओत कोणी जायचं, मी की कंपनीने? कोणी या चक्रातून गेलं असेल तर जरा लवकर सांगा, गॅरेजवाला रोजचं पार्किंग लावतोय.