'डोनर मिल्क'ला मराठीत काय म्हणायचं?

शब्दवेडी: एका हॉस्पिटलच्या एनआयसीयूबाहेर (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) लावायच्या पत्रकाचं मराठी करतेय. 'डोनर मिल्क'ला 'दात्या मातेचे दुग्ध' लिहिलं तर तिथल्या सिस्टर म्हणाल्या, ताई हे कोण वाचणार? आणि 'मिल्क बँक'ला काय?

कोथरूडकर: मातृदुग्धपेढी. रक्तपेढी, नेत्रपेढी रुळलेच ना? नुसतं दुग्धपेढी नको, डेअरी वाटेल. दुधाला आयुर्वेदात 'स्तन्य' हा नेमका शब्द आहे, तो वापरा.

भोरची_लेक: स्तन्य कुणाच्या तोंडी आहे हो? बायका अंगावरचं दूध म्हणतात, आणि गाईचं, पावडरीचं ते वरचं. माझी मुलगी सातव्या महिन्यात झाली, मला पान्हाच फुटेना. डॉक्टर म्हणाले दुसऱ्या आईचं देऊ, तर सासूबाई म्हणाल्या त्यापेक्षा वरचं द्या. मग सिस्टरने नीट समजावलं, की देणाऱ्या बाईची एचआयव्ही, कावीळ सगळी तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात, मग गोठवून ठेवतात, आणि एवढ्याशा बाळाच्या आतड्यांना पावडरीपेक्षा हेच सोसतं, तेव्हा कुठे त्या हो म्हणाल्या. आमच्याकडे सरळ 'दूधआई' म्हणतात. संभाजीराजांची दूधआई धाराऊ, इथल्याच कापूरहोळची!

कॅम्पवाला: दूधआई लिहिताना जपून. आमच्या मुस्लिम घरांत एका आईचं दूध प्यायलेली मुलं दूधभावंडं, त्यांचं आपसांत लग्न होत नाही. दूध कुणाचं हे आधी विचारतात, आणि पेढीत तर बरेचदा अनेकींचं एकत्र केलेलं असतं.

शब्दवेडी: हे महत्त्वाचंय. मग 'दुसऱ्या आईने दिलेलं अंगावरचं दूध'? लांब आहे, पण कळतं. दान शब्द टाळते, उपकार केल्यासारखा वाटतो.

कोथरूडकर: दान हवंच! रक्तदानात कुठे उपकार वाटतो? ही विकायची वस्तू नाही हे त्या एका शब्दात येतं. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२४ मध्ये आईच्या दुधाच्या विक्रीविरुद्ध बजावलंय.

मिलिंद_पु: मुंबईत सायनला डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मिल्क बँक काढली, तेव्हापासून लोक मिल्क बँकच म्हणतात. तेच लिहा. बाकी धाराऊ हे नाव दुधाच्या धारेवरूनच पडलं असणार.

भोरची_लेक: काहीही! त्या आधीपासून धाराऊच होत्या, नाव काय राजांना पाजायला लागल्यावर ठेवलं? आऊ म्हणजे आई, एवढंच मान्य.

मिलिंद_पु: मग 'धारा' कुठून आलं सांगा.

शब्दवेडी: अहो, पत्रक शुक्रवारी छापायला जातंय, दान ठेवू की काढू?

कोथरूडकर: ठेवा. धाराऊबद्दल, जिजाऊसारखंच आहे ते, आऊ मागून लागलंय.