'केळी लावूच नका' म्हणणाऱ्यांना दोडामार्गातून उत्तर

तिलारीकाठ : काल इथे एकाने लिहिलं, "जंगल हत्तींचं आहे, दोडामार्गवाल्यांनी केळी-सुपारी लावणं सोडून द्यावं." वाचून डोकं भणाणलं. २००२ साली कर्नाटकातून, दांडेलीकडून हत्ती आमच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात उतरले. त्याआधी माझ्या आजोबांनी रानात हत्ती पाहिला नव्हता. गेल्या पावसात एका रात्रीत आमचे अकरा माड गेले. हत्ती कपाळ लावून माड आडवा करतो, शेंड्याचा कोवळा गाभा खातो आणि बाकीचा तसाच टाकून पुढच्या माडाकडे वळतो. नवीन माड धरायला सात-आठ वर्षं लागतात. एप्रिल २०२५ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या मोर्ले गावात काजूच्या बागेत गेलेला म्हातारा शेतकरी हत्तीच्या हल्ल्यात गेला, परत आला नाही. हत्ती पकडून न्या, दुसरं काही मागत नाही.

रानवाटा : ते मीच लिहिलं होतं. "सोडून द्यावं" हे शब्द मागे घेतो. पण पकडून काय झालं? २०१५ मध्ये सिंधुदुर्गातल्याच माणगाव खोऱ्यात तीन पकडले, त्यातले दोन कैदेतच मेले. तुमच्या तिलारी खोऱ्यात हत्ती आजही आहेत. एका हत्तीला दिवसाला सुमारे दीडशे किलो चारा लागतो. डोंगर कापून रबर लावलंत, मग तो खाली तुमच्या बागेत येणारच.

घाटपायथा : काय बोलतास ता कळता तुमका? रबर आम्ही लावलं? बाहेरून आलेल्यांनी शेकड्याने एकर घेतलं, रात्री जेसीबी घातले. २०१३ पासून कोर्टाची वृक्षतोडबंदी असून झाडं पडली!

रानवाटा : जमिनी विकल्या कोणी? सह्या तुमच्याच गावकऱ्यांच्या आहेत.

घाटपायथा : हो, माझ्या चुलत्याने विकली. सामायिक सातबारा, बारा हिस्सेदार, निम्मे मुंबईत. बहिणीच्या ऑपरेशनला पैसे हवे होते. पुण्यात बसून त्याचा हिशेब मागू नका.

तिलारीकाठ : विषय रबरावर नेऊ नका. पंचनाम्याचं बोला. माड पडल्यावर आठ दिवसांनी वनखात्याचा माणूस आला, तोवर गाभा सडून वास मारत होता. वर विचारतो, हा हत्तीनेच पाडला कशावरून? पायाचा ठसा ताटाएवढा, पावसाने भरलेला, समोर दाखवला.

घाटपायथा : ज्याने डोंगर विकत घेतला त्याला कोणी असं विचारत नाही. म्हणून रबराचं बोलतोय.

चहामळा : मी तमिळनाडूत वालपराईला, चहाच्या मळ्यांच्या भागात नोकरीला होतो. तिथे हत्ती जवळ असला की वस्तीच्या तोंडाशी लाल दिवा लागतो. गावातलाच कुणीतरी मोबाइलवरून लावतो. फोनवर मेसेजही येतो. कामावरून अंधारात परतताना तो दिवा पाहून मी दोनदा मागे फिरलोय. जीव वाचतात, हे स्वतः अनुभवलंय.

तिलारीकाठ : चहा हत्ती खात नाही. आमची केळी खातो. दिव्याने माड उभा राहणार का?

चहामळा : नाही राहणार, मान्य. पण पहाटे काजू गोळा करायला जाणारा माणूस घरी थांबेल.

तिलारीकाठ : ...तेवढं पटतं. मोर्ल्याच्या वाटेवर तसा दिवा असता तर, हे मनातून जात नाही. लावा दिवे. पण माडाचे पैसे आठवड्यात द्या आणि पंचनाम्याला गावातलीच दोन माणसं नेमा. तोवर हत्ती पकडा म्हणणं मी सोडणार नाही.

रानवाटा : पंचनाम्याच्या मागणीवर सही करतो. पकडण्यावर नाही.

घाटपायथा : आणि रबरावर?

रानवाटा : तिथे पहिली सही माझी.