गावातल्या विरंगुळा केंद्रात म्हाताऱ्या बायका येतच नाहीत, काय करावं?

गावकरी_यवतमाळ
नमस्कार मंडळी. दारव्ह्याकडलं लहान गाव आहे आमचं. ग्रामपंचायतीनं शाळेची जुनी खोली रंगवून घेतली अन् 'ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र' अशी पाटी लावली. आत टीव्ही, कॅरम, पेपर, सतरंज्या. उद्घाटनाला अख्खं गाव होतं. आता सकाळी ठरलेले चार-पाच बुढे येतात, दाराशीच बसून पत्ते कुटतात अन् जेवणाच्या टायमाला घरी जातात. माझी आई सत्तरीची, घर हाकेच्या अंतरावर, पण पाय ठेवत नाही. "त्या बुढ्यांत जाऊन मी काय करू?" म्हणते. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, ग्रामसभेत काहीतरी मांडायचं आहे. मोठा खर्च झेपणार नाही. कोणाच्या गावात केंद्र खरंच चालत असेल तर सांगा.

निवृत्त_सिस्टर
भाऊ, तुमच्या आईचं काही चुकत नाही. नोकरीभर नेर-दारव्हा पट्ट्यातल्या उपकेंद्रांत काढली, आता आमच्या गावचं केंद्र मीच बघते. 'विरंगुळा' म्हणून आपली बाई घराबाहेर पडत नाही. तिला काम लागतं, निदान कामाचं निमित्त तरी लागतं.

पहिले सतरंज्या गुंडाळा. साठी ओलांडलेल्या बाईचे गुडघे कसे असतात माहीत आहे ना? खाली बसली तर उठवायला दोघं लागतात, अन् चारचौघांत तिला ते नको असतं. हात टेकता येतील अशा प्लास्टिक खुर्च्या घ्या. संडासाला आतून कडी अन् धरायला एक पाइप, एवढं मिस्त्रीकडून करून घ्या.

मग आठवड्यातला एक दिवस बीपी-शुगरचा. याला पैसा लागत नाही. आयुष्मान आरोग्य मंदिराच्या, म्हणजे आपल्या उपकेंद्राच्या, सीएचओ (आरोग्य अधिकारी) मॅडमला भेटा. घरोघर फिरण्यापेक्षा सगळे एका जागी सापडले तर त्यांनाही बरंच. फक्त उन्हातून चालत आलेल्या माणसाच्या दंडाला लगेच पट्टा गुंडाळू देऊ नका. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून गप्प बसवा, नाहीतर आकडा उगाच चढा येतो. आकडा वहीत लिहून वही त्यांच्याच हातात द्या. बरं वाटलं की गोळी बंद करायची खोड इथं घरोघरी आहे, ती वहीतूनच पकडता येते. अन् पट्टा बांधलेला असताना बाई बोलते, हे लक्षात ठेवा. सून जेवायला देत नाही, पोरानं सातबाऱ्यावर अंगठा मागितला, हे सगळं तिथंच कळतं. अशांसाठी भिंतीवर १४५६७ हा ज्येष्ठांचा हेल्पलाइन नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे. आईबापांच्या पोटगीचा २००७चा कायदा आहे, अर्ज एसडीओंकडे (उपविभागीय अधिकारी) जातो.

एक दिवस कागदांचा. श्रावणबाळ पेन्शनचे महिन्याचे १५०० आधारला जोडलेल्या खात्यातच येतात, ते खातं कोणतं हे अर्ध्या जणांना ठाऊक नसतं. सत्तरी पार असेल तर आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढता येतं. त्याला उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार. अडतं कुठं, तर मशीनवरच्या अंगठ्याशी. जन्मभर कापूस वेचला, निंदण केलं, रेषा राहिल्याच कुठं? आमच्याकडं ऑनलाइन कामं करणाऱ्या एका सेवा केंद्राच्या चालकानं एका आजीला दोनदा परत पाठवलं, "अंगठा येत नाही" म्हणून. मग बारावीतल्या एका पोरीनं मोबाइलवर चेहऱ्यानं ओळख पटवली, झालं काम. अशी दोन पोरं गावात धरून ठेवा.

बायकांची वेळ वेगळी ठेवा, दुपारी दोन ते चार. नातू सोबत आला तर येऊ द्या, नाहीतर त्याच्यापायी ती घरीच अडकते. हातात काम असू द्या. आमच्याकडं वाती वळतात, चैत्रात काड्यांवर सरगुंडे (कणकेचे, शेवयांसारखे) करतात. पत्ते बंद करू नका, बुढे चिडतील. फक्त फड दारातून उठवून आतल्या भिंतीला न्या. दारात पुरुष बसले की डोक्यावर पदर घेणारी बाई रस्त्यावरूनच परत फिरते.

सेलूवाला
ताई, सगळं पटलं. पैशाचं मी सांगतो. रीतसर ज्येष्ठ नागरिक संघ काढायचा तर किमान ७ सभासद घेऊन धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते, पुढं फेस्कॉमशीही (ज्येष्ठ नागरिक संघांचा राज्याचा महासंघ) जोडून घेता येतं. पण मग दरवर्षी हिशेब द्या, पदाधिकारी बदलले की बदल अर्ज करा. लहान गावात ते करणारा एकच माणूस असतो, तो थकला की केंद्राला कुलूप. माझं ऐकाल तर पहिलं वर्ष ग्रामसभेच्या ठरावावरच काढा.

वऱ्हाडी_बुढा
अन् कूलरचं कोनीच कसं नाही बोललं बाप्पा! मे महिन्यात टिनाच्या खोलीत मानूस भाजते. आमी वर्गणी करून कूलर घेतला, वाळ्याची ताटी लावली, अन् जे बुढे तोंड दाखवत नव्हते ते जेवन झालं की हजर. लाइन जाते म्हना, पन खोली थंड राह्यते घडीभर. संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना तिथंच घेतो, मंग खंजेरीवर दोन भजनं. आमच्या गावात बायका पयल्यांदा त्याच्यासाठीच आल्या. बीपीचं मशीन मंग आलं.

गावकरी_यवतमाळ
खुर्च्या अन् कूलर दोन्ही यंदा जमणार नाही. पहिले काय घेऊ?

निवृत्त_सिस्टर
खुर्च्या. कूलर मार्चात बघा, तोवर वर्गणी होते. अन् पंचाहत्तरीवरच्यांना एसटी फुकट आहे, तर त्यांचा एक जथा महिन्यातून एकदा तालुक्याला न्या, डोळे तपासून होतील. त्यांच्याहून लहान, पासष्टच्या वरचे अर्ध्या तिकिटात येतील. आधार कार्ड मात्र आदल्या रात्रीच पिशवीत टाकायला सांगा, नाहीतर बसस्टॉपवर आठवते.