जग्वारचं घोडं नेमकं कुठे पेंड खातंय? टाटांकडे असून ही वेळ का आली?

चिंचवडकर:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून विचारतोच. एप्रिल 2025 मध्ये अख्ख्या युरोपात जग्वारच्या फक्त 49 नव्या गाड्यांची नोंदणी झाली, आदल्या वर्षी त्याच महिन्यात 1961 होत्या. म्हणजे साडेसत्त्याण्णव टक्के घट! तेव्हापासून आमच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच चाललंय, की नोव्हेंबर 2024 मध्ये ती भडक कपड्यातल्या मॉडेल्सची जाहिरात आली ना, जिच्यात गाडीच दाखवली नव्हती, तिनेच कंपनी बुडवली. मला हे पटत नाहीये. 1922 पासूनचा वारसा सांगणारी कंपनी एका जाहिरातीने कशी बसेल? बाबा टेल्कोत होते (म्हणजे टाटा मोटर्स, आमच्याकडे अजून टेल्कोच म्हणतात), 2008 ला रतन टाटांनी फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर घेतली तेव्हा आमच्या कॉलनीत लोक असे खूश होते की जणू घरचंच कार्य आहे. म्हणून जीव तुटतो हो. कोणाला आतलं नीट माहीत असेल तर सांगा, आणि आपल्या पुण्याजवळच्या चिखलीच्या प्लांटमध्ये पण जग्वार जोडायचे ना, तिथल्या लोकांचं काय?

मिडलँड्सवाला:
मी इंग्लंडात कव्हेंट्रीजवळ राहतो, ऑटोच्याच टूलिंगमध्ये आहे, त्यामुळे हा विषय इथे रोजच्या जेवणाच्या सुट्टीतला. आधी त्या 49 चं सांगतो. ती घट गिऱ्हाईक पळाल्याची नाहीये, विकायला गाडीच नव्हती. एक्सई, एक्सएफ आणि एफ-टाइप ही मॉडेल्स 2024 मध्येच बंद केली, ई-पेस आणि आय-पेस ऑस्ट्रियात ग्राझला दुसऱ्या कंपनीकडून बनवून घ्यायचे त्याही थांबवल्या, आणि ब्रिटनमध्ये नव्या जग्वारची विक्री नोव्हेंबर 2024 पासून बंद. एफ-पेस तेवढी काही काळ बाहेरच्या देशांसाठी बनत राहिली. हे सगळं ठरवून केलंय, कारण पुढे फक्त इलेक्ट्रिक आणि बऱ्याच महाग गाड्या करायच्या. जाहिरात आली तोपर्यंत निर्णय होऊन जुना झाला होता.

पण ठरवून का करावं लागलं ते बघा, खरी गोष्ट तिथे आहे. 2015 ला एक्सई आली ती थेट बीएमडब्ल्यू 3 सिरीजच्या अंगावर. गाडी चालवायला फार सुंदर, मी चालवलीये. पण तिची बॉडी बहुतेक अ‍ॅल्युमिनियमची. अ‍ॅल्युमिनियमला स्टीलसारखं धडाधड स्पॉट वेल्डिंग मारून चालत नाही, त्याला गोंद लावून वर रिव्हेट ठोकतात, एकेका बॉडीत हजारोंनी, त्यासाठी रोबो वेगळे, प्रेस वेगळा, पत्रा महाग. हा खर्च भरून निघायला गाड्या लाखोंनी खपाव्या लागतात. बीएमडब्ल्यूच्या खपतात. जग्वारच्या सगळ्या मॉडेल्सची मिळून सगळ्यात चांगल्या वर्षी, 2018-19 ला, विक्री 1 लाख 80 हजारांच्या आसपास होती, आणि त्यात पण एसयूव्हीच जास्त.

आणि त्याच वेळी लोक सेडान सोडून एसयूव्हीकडे वळलेले. त्यात 2015 चा फोक्सवॅगनचा डिझेल घोटाळा (चाचणीत धूर कमी दाखवल्याचा), ज्याच्याशी यांचा काही संबंध नाही पण यांच्या ब्रिटनमधल्या बहुतेक गाड्या डिझेलच्या म्हणून मार यांनाही बसला. मग चीनमधली मंदी, ब्रेक्झिट. आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. 2018 च्या शेवटी कॅसल ब्रॉमविचचा कारखाना नाताळपर्यंत आठवड्याला तीनच दिवस चालत होता, सॉलिहलचा कारखाना दोन आठवडे बंद ठेवला, आणि जानेवारी 2019 मध्ये 4500 माणसं कमी करायची घोषणा. कॅसल ब्रॉमविच म्हणजे दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानं बनवणारी जागा बरं का. आता तिथे गाड्या जोडत नाहीत.

सातारकर_गुंतवणूक:
वरच्यांनी कारखान्याचं सांगितलं, मी पैशाचं सांगतो. टाटा मोटर्सचा शेअर माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहे. 7 फेब्रुवारी 2019 ला तिमाही निकाल आला, तोटा 26,961 कोटी, भारतातल्या कुठल्याही कंपनीचा तोवरचा सगळ्यात मोठा तिमाही तोटा. त्यातला मोठा वाटा म्हणजे जेएलआरमध्ये (जग्वार लँड रोव्हर, दोन्ही ब्रँडची मिळून कंपनी) घातलेल्या पैशांपैकी 3.1 अब्ज पौंड राइट ऑफ केले, म्हणजे कारखाने, मॉडेल्स यात जे ओतलं ते आता परत येणार नाही हे वहीत लिहून टाकलं. तेव्हाच कळायला हवं होतं की जग्वार या रस्त्याने पुढे जाणार नाही.

आता दुसरी बाजू बघा. 2024-25 ला, म्हणजे जग्वार जवळपास गुंडाळली त्याच वर्षी, जेएलआरचा करपूर्व नफा 2.5 अब्ज पौंड, दहा वर्षांतला सगळ्यात चांगला. रेंज रोव्हर, रेंज रोव्हर स्पोर्ट आणि डिफेंडर या तिघींच्या जिवावर. म्हणून "टाटांनी जग्वार बुडवली" असं जे लोक लिहितात त्याचा मला खरंच राग येतो. 2.3 अब्ज डॉलर देऊन दोन्ही ब्रँड घेतले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतली लेहमन बँक बुडाली, अख्खं जग मंदीत, तरी विकून मोकळे झाले नाहीत. फोर्डने एकट्या जग्वारसाठीच त्याहून जास्त मोजले होते.

चिंचवडकर:
बापरे, हे एवढं माहीत नव्हतं, धन्यवाद दोघांना. पण मग मला एक सांगा, लोकांना एसयूव्हीच हव्या होत्या तर जग्वारनेच नीट एसयूव्ही काढायची ना? एफ-पेस चांगली चालत होती की.

मिडलँड्सवाला:
चालत होतीच, 2016 ला आली आणि जग्वारला तिनेच तारलं. पण पुढच्याच वर्षी रेंज रोव्हर वेलार आली, ती बनते सॉलिहललाच आणि खालचा सांगाडा एफ-पेसचाच. आता तुम्ही मॅनेजर असाल तर काय कराल? कारखाना तोच, सांगाडा तोच, पण रेंज रोव्हर लिहिलं की जास्त पैसे मिळतात. जग्वारचा सगळ्यात मोठा स्पर्धक तिच्याच घरात होता, आणि माझ्या मते जग्वारचं दुखणं हेच. लँड रोव्हर सोबत नसती तर जग्वार केव्हाच संपली असती, आणि लँड रोव्हर सोबत असल्यामुळे तिला स्वतःची अशी जागाच उरली नाही.

स्टुटगार्टची_मृण्मयी:
इथे मी थोडी असहमत. कारणं सगळी बरोबर आहेत, पण निर्णयाची पद्धत? मी जर्मनीत याच क्षेत्रात काम करते. नवी गाडी तयार नसताना जुन्या सगळ्या बंद करणं हे मला आजही पटत नाही. डीलर काय विकणार? वीस वर्षं जग्वार वापरणारा माणूस दुसऱ्या शोरूममध्ये गेला की तो परत येत नाही, तेलही गेलं तूपही गेलं असं होतं. आणि हे लोक इलेक्ट्रिकमध्ये मागे होते असंही नाही. आय-पेस 2018 ची, जर्मन कंपन्यांच्या इलेक्ट्रिक एसयूव्हींच्या आधी बाजारात, 2019 ला वर्ल्ड कार ऑफ द इयर मिळालं. तिच्या मागोमाग दुसरी काढलीच नाही. इलेक्ट्रिक एक्सजे (जग्वारची मोठी सेडान) बऱ्यापैकी पुढे गेली होती ती फेब्रुवारी 2021 मध्ये रद्द केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मला सगळ्यात जास्त हळहळ त्या एक्सजेची वाटते.

आणि आता ज्या बाजारात हे उतरणार तो बाजारच बदललाय. पोर्शेच्या इलेक्ट्रिक टायकानची विक्री 2024 मध्ये जवळपास निम्म्यावर आली, वीस हजारांच्या घरात. पोर्शेने 2025 मध्ये सरळ जाहीर केलं की नवी मोठी एसयूव्ही आधी पेट्रोल आणि हायब्रिडमध्ये येईल. मासेराटी 2023 ला 26,600 होती ती 2024 ला 11,300, इटलीतले कामगार किती तरी दिवस घरी बसून. चीनमधला श्रीमंत गिऱ्हाईक आता तिथल्याच कंपन्यांच्या इलेक्ट्रिक गाड्या घेतो, त्यांचं सॉफ्टवेअर आणि स्क्रीन युरोपवाल्यांच्या पुढे गेलंय, हे आम्ही इथे मीटिंगमध्ये उघड बोलतो. अशा वेळी एक लाख पौंडांच्या वरची फक्त इलेक्ट्रिक जग्वार, हे खूप मोठं धाडस आहे. व्हावं यशस्वी असं मनापासून वाटतं, पण भीती वाटते.

मिडलँड्सवाला:
मृण्मयीताई, एक्सजेबद्दल शंभर टक्के सहमत. इथेही जुनी माणसं तेच बोलतात. पण पेट्रोलची जुनी मॉडेल्स चालू ठेवायची तर युरोपच्या उत्सर्जनाच्या नियमांसाठी त्यांच्यावर परत खर्च, आणि तो वसूल कशातून होणार? डीलरांचे हाल होणार हे मात्र खरं, त्याला उत्तर नाही माझ्याकडे.

एक गोष्ट जोडतो, कारण तिची सरमिसळ फार होते. सप्टेंबर 2025 मध्ये महिनाभर जेएलआरचे सगळे कारखाने बंद होते ते सायबर हल्ल्यामुळे. त्याचा जग्वारच्या खपाशी संबंध नाही. त्यात हाल झाले ते छोट्या पुरवठादारांचे, ज्यांचं एकच मोठं गिऱ्हाईक आणि ऑर्डर एका दिवसात शून्य. ब्रिटन सरकारने दीड अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी दिली पण ती जेएलआरला, खालच्या थरापर्यंत पैसा पोचायला वेळ लागला. त्याआधी एप्रिलमध्ये ट्रम्पच्या टॅरिफमुळे अमेरिकेला गाड्या पाठवणं थांबवलं होतं. कंपनी नफ्यात असली तरी खालच्या माणसाचं वर्ष कसं गेलं ते वेगळंच असतं.

पिंपरी_शॉपफ्लोअर:
चिखलीचं विचारलं होतं त्याचं उत्तर राहिलंच की. इथे एक्सई, एक्सएफ, एफ-पेस जोडल्या जायच्या, सुटे भाग ब्रिटनहून पेट्यांमधून यायचे. जग्वार थांबली म्हणून गेटला कुलूप लागलं असं काही नाहीये. 2024 मध्ये रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट इथे जोडायचं जाहीर झालं, ब्रिटनबाहेर पहिल्यांदाच, आणि त्यामुळे त्यांच्या इथल्या किमती पण बऱ्याच उतरल्या. ज्यांच्याकडे जुनी एक्सएफ वगैरे आहे आणि घाबरलेत त्यांनी सर्व्हिसचे कागद जपून ठेवा आणि वॉरंटी किती उरलीये ते लेखी घ्या, मॉडेल बंद झालं तरी सर्व्हिस आणि पार्ट्स चालू राहतात.

आणि चिंचवडकर, तुमचे बाबा कुठल्या शॉपला होते? माझे काका पण टेल्कोत पेंट शॉपला होते, कदाचित ओळख निघेल.