जिद्द संस्कृत नाही हो

'जिद्द' हा शब्द मूळ संस्कृत आहे असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं, पण तसं नाहीये. मूळ अरबी 'दिद्द', म्हणजे विरुद्ध, उलट. आजही अरबी पेपरात मॅचच्या बातमीत दोन टीमच्या मध्ये 'विरुद्ध' म्हणून हाच शब्द येतो. फारसीत सुरुवातीच्या द चा ज झाला आणि तिथून तो आपल्याकडे, पण गंमत बघा, हिंदीत ज़िद म्हणजे पोरं दुकानात लोळण घेतात ती, ज़िद्दी म्हणजे हेकट, आणि आपण मात्र त्यासाठी हट्ट (हा खरा संस्कृत, हठ वरून) ठेवला आणि जिद्दीला एकदम मानाचं पान दिलं. दिल्लीच्या एका मैत्रिणीला मी कौतुकानं 'तुम्हारी बेटी ज़िद्दी है' म्हटलं तर तिचा चेहराच पडला, मग अर्धा तास सारवासारव :)