मदत हवी आहे: नामसूचीत एकाच नावाची दोन माणसं

खेळ आणि सिनेमावरच्या माझ्या टिपणांची छापील नामसूची करतोय, आडनावानुसार. एका नोंदीला एकच ओळ, फोटोला जागा नाही.

ॲडम स्कॉट दोन आहेत: २०१३ची मास्टर्स जिंकणारा ऑस्ट्रेलियन गोल्फपटू आणि अमेरिकन अभिनेता. कंसात 'खेळ', 'सिनेमा' लिहिलं, काम भागलं. पण स्टीव्ह मॅक्वीन दोघेही सिनेमातलेच! अभिनेता १९८० साली वारला, ब्रिटिश दिग्दर्शक १९६९चा. मग सगळीकडे जन्मसाल टाकलं, तर १९७३ आणि १९८० वाचून कोणता स्कॉट कोण, हे वाचणाऱ्याला कळेना. चुकीच्या माणसाचं पान उघडलेलं मला चालणार नाही.

सूची केलेल्यांनी सांगावं: कंसात नेमका व्यवसाय द्यावा की जन्मसाल? आणि अभिनेता मायकल बी. जॉर्डन बास्केटबॉलवाल्या मायकल जॉर्डनच्या आधी लावायचा की नंतर?