मदत हवी आहे : सासूबाईंना शौच रोखून धरता येत नाही

सासूबाई सत्तरीच्या, मधुमेह जुना. घाई लागली की संडासापर्यंत पोचेपर्यंत लुगडं खराब होतं. देवळात जाणं बंद. कुठे निघायचं तर सकाळपासून उपाशी राहतात. बघवत नाही हो. घरचे म्हणतात वय झालं, मला ते मुळीच पटत नाही. आत कडक मळ अडकून बाजूनं पातळ झिरपतं का, हे डॉक्टरांनी तपासलं, तसं नाही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीनंही जुलाब होतात, म्हणून गोळी बदलून बघताहेत. इसबगोलानं थोडं बांधून होतं. आता गुदद्वाराच्या स्नायूंची मॅनोमेट्री (त्यांचा दाब मोजायची तपासणी) आणि बायोफीडबॅक (यंत्रावर बघत ते स्नायू आवळायला शिकवणारे व्यायाम) सुचवलंय. पुण्यात कुणी घरच्यांचं केलंय का? या वयात ते व्यायाम जमतात का? आणि डायपरमुळे कातडी सोलवटते, त्यावर काय लावता?